पायाखाली काय आहे?

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली, मंडळी चपला शोधत पांगू लागली, तेव्हा वस्तीतल्या एक मावशी हातात मोबाईल घेऊन आमच्याजवळ आल्या. त्यांचा धाकटा मुलगा शिकायला कॅनडात गेला आहे. त्याने घरी फोटो पाठवला होता.

"भाऊ, तुमी शिकल्याले. ह्ये बघा आन् सांगा, पोराच्या पायाखाली काय हाय?"

फोटोत तो पोरगा आणि त्याचा एक मित्र. दोघांच्या अंगात जाड कोट, कानावर टोप्या, हातात वाकड्या टोकाच्या काठ्या. मागे एकही पान नसलेली झाडे. आणि पायाखाली करड्या रंगाचे, आरशासारखे गुळगुळीत मैदान. पण ते मैदान नव्हते, तळे होते. गोठलेले तळे.

"आन् त्येच्या खाली?"

"खाली पाणी."

"म्हंजे पानी हाय, आन् ह्यो वर नाचतोय?"

वाचकहो, मावशींचा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे कुणी समजू नये. जे लोक पिढ्यान् पिढ्या अशा तळ्यांवर खेळत आले, त्यांच्याकडेसुद्धा बर्फावर पाऊल टाकण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारला जातो. आमचे शिक्षण बी.कॉम., आयुष्य गेले खतावणीत. पदार्थविज्ञानाशी संबंध दहावीपुरता. तरी आवडीने जे वाचले, विचारले, ते इथे मांडतो. कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुले-मुली बाहेर जातात, काही कर्ज काढून जातात, काही नोकरीसाठी जातात. इकडून आई फोनवर विचारते, जेवलास का, स्वेटर घातलास का. बर्फाबद्दल काय विचारायचे ते तिला ठाऊक नसते, कारण आपण बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर.

तेव्हा गोळ्यापासूनच सुरुवात करू. सरबताच्या पेल्यात बर्फाचा खडा टाकला की तो तरंगतो. आपण रोज पाहतो म्हणून त्याचे नवल वाटत नाही. खरे तर ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. तूप थिजते तेव्हा घट्ट झालेले तूप तळाशी बसते, मेणाचेही तसेच. बहुतेक पदार्थ गोठले की आकसतात, जड होतात आणि बुडतात. पाणी तसे नाही. ते गोठताना फुगते. काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये विसरली तर तडकते ती यामुळेच. जागा जास्त व्यापली, वजन तेवढेच राहिले. म्हणून बर्फ पाण्याहून हलका.

आता तळ्याचे पाहा. थंडी पडू लागली की वरचे पाणी गार होते, जड होते आणि खाली जाते; खालचे त्यातल्या त्यात उबदार पाणी वर येते. ही देवघेव पाणी 4 अंश सेल्सियसपर्यंत उतरेतोवर चालते. 4 अंशांना पाणी सर्वांत जड असते. त्याहून गार झालेले पाणी उलट हलके होऊन वरच राहते, आणि शून्याला पोचले की वरच्या वर गोठते. म्हणजे तळ्याला बर्फाचे झाकण बसते, तळाशी मात्र पाणी पातळच राहते. मासे तिथे हिवाळा काढतात. पाणी तूप-मेणासारखे तळापासून गोठत वर आले असते, तर थंड देशांतल्या तळ्यांत मासा उरणे अवघड होते.

झाकण बसले की त्याची जाडी हळूहळू खालून वाढते. बर्फावर भुसभुशीत हिम पडले तर ती वाढ मंदावते, कारण हिम हे गोधडीसारखे काम करते, खालची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपल्याला वाटेल, जास्त हिम म्हणजे जास्त पक्का बर्फ. प्रत्यक्षात उलटे होते. गोधडीखालचा बर्फ पातळ राहतो, आणि वरून दिसतही नाही.

हे झाले विज्ञान. आता खेळ. कारण नुसती भीती घालण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही.

गोठलेल्या तळ्यावर खेळायला फार काही लागत नाही. कॅनडात पोरे 'शिन्नी' खेळतात. आपल्याकडे गल्लीतले क्रिकेट तसे तिकडे शिन्नी. आइस हॉकीचेच भावंड, पण पंच नाही, गणवेश नाही, संघ जागेवर पाडायचे. दोन बूट काढून ठेवले की गोल तयार. पायात धारदार पात्याचे स्केट्स, हातात काठी, आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. खेळाडू बारा असले तरी चालते, दोघे असले तरी चालते. एकाने ढकलायचे, दुसऱ्याने अडवायचे. अंधार पडेपर्यंत आणि घरून हाक येईपर्यंत. विटी-दांडू खेळलेल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल.

हॉलंडमध्ये लहान मुलांना स्केट्सवर उभे राहायला शिकवतात ते स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची पुढे देऊन. मूल खुर्चीची पाठ धरते आणि ढकलत ढकलत तोल सांभाळते. आपल्याकडे पांगुळगाडा, तिकडे खुर्ची. ज्यांच्याकडे स्केट्स नाहीत ती मुले नुसत्या बुटांनी धावत येऊन घसरतात. पातळ दगड बर्फावरून लांब फेकला तर पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज येतो. दोन मित्र त्यातच तासभर घालवतात. बर्फ स्वतःही आवाज करतो. रात्री थंडी वाढली, दिवसा ऊन पडले, की तो आकसतो, प्रसरतो, आणि लांबून नगारा वाजल्यासारखे घुमते. आवाज आला म्हणजे बर्फ फुटलाच असे नव्हे. पण आवाज नाही म्हणजे सगळे ठीक, असेही नव्हे.

आणि हे सारे परदेशातच आहे असे कुणी समजू नका. लडाखमध्ये लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचावर आहे. तिथली कर्झू आणि गुपुक ही तळी हिवाळ्यात गोठतात, आणि त्यांवर आइस हॉकी रंगते. 1970 च्या दशकात लष्कराच्या जवानांनी तिथे हा खेळ रुजवला. मुलांनी तो उचलला, मग मुलींनी. मुलींना तळ्यावर जागा सहज मिळाली नाही. आधी मुलांचे सामने, उरल्या वेळात मुली, आणि साहित्य तर बहुधा मागून आणलेले. भारताचा महिला संघ 2016 साली तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेला तेव्हा खर्चासाठी लोकवर्गणी मागावी लागली होती. वर्गणी म्हणजे काय ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको! तिथे त्या सगळे सामने हरल्या. 2017 साली बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला 4-3 असे हरवले, हा त्यांचा पहिला विजय. आणि 2025 साली अल-ऐन येथे झालेल्या आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक घेतले. संघातल्या बऱ्याचजणी लडाखच्या. स्केट्सवर उभ्या राहायला त्या शिकल्या अशाच उघड्या तळ्यांवर, एकमेकींचा हात धरून.

आता मावशींच्या प्रश्नाकडे. वरचे झाकण किती जाड असले म्हणजे माणसाने त्यावर उभे राहावे?

कॅनडाची रेड क्रॉस संस्था सांगते: एकट्या माणसाला चालायला किंवा स्केटिंगला किमान 15 सेंटिमीटर, आणि चारजण मिळून खेळायचे असतील तर 20 सेंटिमीटर. 15 सेंटिमीटर म्हणजे शाळेतल्या लहान पट्टीएवढे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात चालण्यापुरता 4 इंचांचा आकडा सांगतात, पण तो ताज्या, काळपट-पारदर्शक बर्फासाठी. दुधासारखा पांढरा बर्फ म्हणजे त्यात हवा आणि हिम मिसळलेले. त्याची ताकद साधारण निम्मी धरतात, म्हणजे जाडी दुप्पट हवी. जाडी डोळ्यांनी कळत नाही. गिरमिटाने भोक पाडून मोजावी लागते, आणि तीही एका जागी नव्हे. ओढा जिथे तळ्यात शिरतो तिथे, झऱ्यावर, पुलाच्या खांबाजवळ, पाणवनस्पतींच्या आसपास बर्फ पातळ असतो. एका काठाला ट्रक पेलेल आणि दहा पावलांवर लहान मूल बुडेल, असे एकाच तळ्यात असू शकते. म्हणून तिकडच्या गावांत बरेच ठिकाणी नगरपालिकेची माणसे मोजमाप करतात आणि पाटी लावतात. पाटी नसेल तर तळे बंद आहे असेच समजावे.

हे आकडे कोरडे वाटतील. ते का लिहितो आहोत ते सांगतो.

11 डिसेंबर 2022, रविवार. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ सोलिहल भागात किंग्जहर्स्ट नावाची वस्ती आहे, साध्या कष्टकरी घरांची. तिथल्या बॅब्ज मिल उद्यानातल्या तळ्यावर मुले गेली. थंडीची लाट नुकतीच आली होती, बर्फ नवा आणि पातळ होता. तो फुटला. चार मुलगे दगावले. वये 6, 8, 10 आणि 11. त्यातला एक इतरांना वाचवायला धावला होता, असे त्याच्या नातेवाइकांनी सांगितले. पोलीस तशाच कपड्यांनिशी गोठत्या पाण्यात उतरले, हातांनी बर्फ फोडू लागले. तरी उपयोग झाला नाही.

त्यानंतर पंधराच दिवसांनी, 26 डिसेंबरला, अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात वुड्स कॅनियन नावाच्या गोठलेल्या तलावावर तीन मोठी माणसे बर्फातून खाली गेली आणि मरण पावली. दोन पुरुष, एक स्त्री. तिघेही मूळचे भारतातले, कामानिमित्त तिकडे स्थायिक झालेले, सुट्टीत बर्फ पाहायला गेलेले. ॲरिझोना म्हणजे वाळवंटाचा प्रदेश; पण डोंगरावर हिवाळ्यात तळी गोठतात. शिकली-सवरलेली माणसे होती ती. हुशारी वेगळी आणि बर्फाची ओळख वेगळी.

या दोन्ही घटनांचा विचार करताना आमच्या मनात राहून राहून एक गोष्ट येते, ती मित्राची. एकट्याने बर्फावर जाऊ नये, हा तिकडचा पहिला नियम. पण सोबत नुसता मित्र असून भागत नाही. बर्फ फुटल्यावर मित्राने काय करायचे हे त्याला माहीत हवे. कारण मन सांगते, धाव. आणि धावले की तोच बर्फ दुसऱ्याच्याही पायाखाली फुटतो. आपल्याकडे विहिरीत, खदानीत, गणेशघाटावर एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, असे किती घरांचे दिवे विझले ते आपण पेपरात दर पावसाळ्यात वाचतोच.

तर मित्राने धावायचे नाही. आधी मोठ्याने ओरडून माणसे बोलवायची आणि मदतीचा नंबर फिरवायचा; कॅनडा-अमेरिकेत 911, इंग्लंडमध्ये 999. पडलेल्याशी बोलत राहायचे. काठावरूनच काठी, दोर, शिडी, मफलर, जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाकायचे. अगदीच बर्फावर जावे लागले तर उभ्याने नाही, पोटावर सपाट झोपून सरकत जायचे, म्हणजे वजन एका जागी पडत नाही. हात मात्र पुढे करायचा नाही. काठी पुढे करायची. हात धरला तर तो तुम्हाला ओढतो, काठी सुटू शकते. मैत्रीत हे ऐकायला कठोर वाटते. पण बाहेर कुणी उरलेच नाही तर ओढणार कोण?

आणि जो पाण्यात पडला त्याने? मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी स्वतःच्या अंगावर गार पाण्याचे प्रयोग करून हा विषय अभ्यासला आहे. ते एक सोपा हिशेब सांगतात: एक, दहा, एक. पहिले एक मिनिट धाप लागते, श्वास आवरत नाही, तेवढ्यात नाकातोंडात पाणी जाऊ शकते. ते एक मिनिट फक्त डोके वर ठेवून श्वास ताब्यात आणायचा. नंतर साधारण दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात. बाहेर येण्याची धडपड तेवढ्यात करायची. आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. लोकांना वाटते पडल्याबरोबर माणूस गोठून मरतो. तसे नाही. घाबरून मरतो तो पहिल्या मिनिटात.

बाहेर यायचे ते ज्या बाजूने आलो त्याच बाजूने, कारण तिकडच्या बर्फाने मघाशी आपले वजन पेलले होते. हात बर्फाच्या काठावर पसरायचे, पाय मागे पोहल्यासारखे जोरात मारायचे, अंग आडवे करून वर सरकायचे. वर आल्यावर उठून उभे राहायचे नाही. लोळत लोळत लांब जायचे. तिकडचे मासेमार गळ्यात दोन लहान टोकदार दांडे अडकवून ठेवतात. पडलेच तर ते बर्फात रोवून स्वतःला ओढता येते. किंमत फार नसते. ज्यांचा मुलगा तळ्यावर जातो म्हणतो, त्यांनी त्याला हे घ्यायला जरूर सांगावे.

आणखी एक गोष्ट, जी जुन्या माणसांच्या अनुभवालाही चकवते. हिवाळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. हॉलंडमध्ये अकरा शहरांतून जाणारी जवळपास 200 किलोमीटरची स्केटिंगची शर्यत आहे, एल्फस्टेडनटॉख्त नावाची. पहिली 1909 साली झाली. सगळ्या मार्गावर 15 सेंटिमीटर बर्फ असला तरच ती घेतात. शेवटची झाली 4 जानेवारी 1997 रोजी. त्यानंतर तेवढा बर्फ सबंध मार्गावर जमलाच नाही. एक पिढी ती शर्यत न पाहता मोठी झाली. कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, रिडो कालव्यावर हिवाळ्यात 7.8 किलोमीटरचा बर्फाचा रस्ता खुला होतो. लोक त्यावरून स्केट्स घालून कामाला जातात. 1970-71 पासून तो दरवर्षी खुला होत आला, पण 2022-23 च्या हिवाळ्यात तो एक दिवसही उघडता आला नाही.

पण बर्फ कमी झाला म्हणजे धोका कमी झाला असे नाही. 2020 साली दहा देशांच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी दाखवले, की हिवाळ्यातले बुडून मृत्यू कडाक्याच्या थंडीत जास्त होत नाहीत. तापमान शून्याच्या जरा खाली घुटमळते तेव्हा जास्त होतात. तळे गोठलेले दिसते, पण पेलत नाही. आजोबा सांगतात, आम्ही याच तारखेला या तळ्यावर खेळायचो. आजोबांचे खरेच असते. फक्त त्यांचा बर्फ आता त्या तारखेला नसतो. हिवाळ्याच्या शेवटी तर जास्तच सांभाळायला हवे, कारण तेव्हा जाडी पुरेशी भरली तरी आतून बर्फ कुजल्यासारखा झालेला असतो.

मग मुलांना जाऊच नको म्हणावे काय? आमचे मत विचाराल तर, नाही. परक्या देशात, परक्या थंडीत, खोलीत एकटा बसून राहणारा मुलगा आम्हाला जास्त काळजीचा वाटतो. मित्राने हाक मारली, काठी हातात दिली, दोघे तळ्यावर गेले, पडले, हसले, याहून मोठी गोष्ट त्या वयात कुठली? नको म्हटले तर तो जाईलच, फक्त आईला सांगणार नाही. त्यापेक्षा फोनवर विचारावे: बर्फ कुणी मोजला? किती भरला? पाटी काय म्हणते? सोबत कोण आहे, आणि पाण्यात पडलास तर काय करायचे ते त्याला येते का? आईने सेंटिमीटरचा हिशेब विचारला की पोरगा क्षणभर गप्प होतो. होऊ द्या.

ओटावाच्या त्या कालव्यावर झेंडे लावलेले असतात. हिरवा असेल तर या, लाल असेल तर परत जा. 2024 च्या जानेवारीत तो पुन्हा उघडला, थोडेच दिवस.

ज्यांची मुले-मुली थंड मुलखात आहेत, त्यांनी या पानाचा फोटो काढून त्यांना पाठवावा. वाचायचा कंटाळा केला, तर रविवारच्या फोनवर तुम्हीच वाचून दाखवा. मित्र शेजारी बसला असेल तर त्यालाही ऐकवा.